चौथ्या घरात दोघी

१

ताईचा दिवस घड्याळावर नव्हे, आईच्या कुशीवर चालायचा. नऊला उजवी कूस, अकराला डावी, एकला पाठ, तीनला पुन्हा उजवी, पाचला डावी. नऊ वर्षांपूर्वी आई अंथरुणाला खिळली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, की दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतील आणि त्या भरून येणार नाहीत. आजवर एकही जखम झाली नव्हती. ताईने आयुष्यात अभिमान धरावा अशी ही एकच गोष्ट, आणि तीही कोणाला सांगत सुटण्यासारखी नव्हती.

सकाळी आठला मावशी यायच्या, आईचं अंग पुसायच्या, चादर बदलायच्या आणि नऊच्या ठोक्याला पुढच्या घरी पळायच्या. मग घरात ताई आणि आई. बाहेरच्या खोलीत ताईचं टेबल, दोन खुर्च्या आणि पंचांगांची चळत. वडील ज्योतिषी होते. त्यांच्यामागे टेबलही तिच्याकडे आलं आणि त्यांच्याकडे येणारी माणसंही. लोक पत्रिका घेऊन यायचे, ती बघायची, शक्य तितकं बरं सांगायची. बाहेरच्या खोलीतून एक अरुंद पॅसेज स्वयंपाकघरावरून आईच्या खोलीपर्यंत जायचा. आईच्या खिडकीखाली एक छापखाना होता. त्याच्या यंत्राची धडधड दिवसभर इतकी सारखी चालायची, की ती थांबली तरच ऐकू यायची.

त्या दिवशी, महिन्याच्या तीन तारखेला, एक गृहस्थ मुलाच्या परदेशयोगासाठी तासभर ठाण मांडून बसले. ते उठले तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. ताई गुडघ्यांवर हात टेकून उठली आणि आत गेली. दाराशीच थबकली.

आई डाव्या कुशीवर होती. तोंड भिंतीकडे. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी नीट बसवलेली, टाचेखालची चुणी काढलेली. आईला स्वतःचा हात उचलायचा तरी दम लागायचा.

"आई, तू वळलीस कशी?"

"आत्ता तर वळवलंस," आई भिंतीकडे बघत म्हणाली. "विसरलीस होय? माझ्याआधी तूच म्हातारी व्हायचीस."

२

दमलेल्या माणसाला विसरायला होतंच. ताईने तसं स्वतःला समजावलं आणि दुपारपर्यंत तिला ते पटलंही. गॅस बंद केला की नाही हे बघायला ती जिन्यावरून परत यायची, ते काय कमी होतं? मधेच कधीतरी उठून गेली असेल, त्या गृहस्थाला "आलेच हं" म्हणाली असेल. फोन करून त्याला विचारावं असं एकदा मनात आलं. पण "मी मधे उठले होते का हो?" असं विचारणाऱ्या बाईकडे पुन्हा कोण पत्रिका दाखवायला येईल?

तिने एक उपाय केला. आईच्या दारावर एक कागद चिकटवला, त्याला दोऱ्याने पेन्सिल बांधली. कूस बदलली की वेळ लिहायची आणि पुढे खूण करायची. कागद भरू लागला. अकरा दहा. एक पंचवीस. तीन पंधरा. ताई कधीच ठोक्याला पोचत नसे; कोणीतरी समोर बसलेलं असे, नाहीतर दूध उतू जात असे, नाहीतर नुसतंच उठवत नसे.

तीस तारखेला ती एक वाजून दहा मिनिटांनी दाराशी आली, तेव्हा कागदावर दोन नोंदी आधीच होत्या. अकरा. एक. वर मिनिटं नाहीत. अक्षर तिचंच होतं. एकाला ती शेपूट देते तशी शेपूटही होती. फक्त ते घाईत लिहिलेलं नव्हतं. आई पाठीवर होती आणि तिचे केस विंचरलेले होते.

संध्याकाळी ती कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं, रक्तदाब बघितला.

"झोप किती होते?"

"होते तुकड्यातुकड्यांनी."

"मग असं होणारच. माणूस फार दमला की हात आपले काम करत राहतात आणि डोकं झोपलेलं असतं. तुम्ही केलंय, तुमच्या लक्षात नाही, एवढंच." ते चिठ्ठी लिहू लागले. "कोणीतरी मदतीला घ्या."

ताईला हसू आलं. कोणीतरी घेतलेलंच दिसतंय, असं ती म्हणणार होती, पण थट्टा तिच्या तोंडातून बाहेर पडेना.

३

पुढच्या महिन्याच्या सत्तावीस तारखेला एक तरुण बाई आली. कडेवर चार महिन्यांची मुलगी, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. मुलीच्या पत्रिकेत चौथ्या स्थानात चंद्र आणि शनी एकत्र होते, आणि कोणीतरी तिला त्यावरून भलतंसलतं सांगून ठेवलं होतं.

"ही युती वाईट असते ना? म्हणजे मला काही होणार का? चौथं घर आईचं असतं म्हणतात."

"चौथं घर आईचं, आणि राहत्या घराचंही," ताई म्हणाली. "चंद्र म्हणजे आई, मन. शनी म्हणजे कष्ट, उशीर, म्हातारपण. दोघे एकत्र आले की मुलगी लवकर शहाणी होते. जबाबदारी घेते. मन जरा जड असतं. आणि आईचा सहवास दीर्घकाळ लाभतो." हे वाक्य तिने इतक्यांदा म्हटलं होतं, की आता ते आपोआप यायचं.

"पण इतके जवळ आहेत, एकाच अंशावर."

"आकाशात ते जवळ नसतात. चंद्र इथे, आपल्या अंगणात म्हणा, आणि शनी पार तिकडे. आपण उभे आहोत तिथून एका रेषेत दिसतात, इतकंच."

"मग चंद्र शनीला झाकतो?"

"कधी कधी."

"झाकलेला कुठे जातो?"

"कुठे जाणार? तिथेच असतो. दिसत नाही फक्त."

तरुण बाईला जरा धीर आला. तिने मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तेवढ्यात आतून आईचं हसणं ऐकू आलं, बारीक, घशातल्या घशात. ताईने ते हसणं फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

"तुमच्या आई का?"

"हो. पडून असतात."

"बरं आहे, सोबत आहे त्यांना." बाई उठता उठता म्हणाली. "मघापासून दोघींच्या गप्पा चालल्यात."

ताईने कान दिला. तिला फक्त छापखान्याची धडधड ऐकू आली. बाईला दारापर्यंत सोडताना तिने स्वतःलाच सांगितलं, की यंत्राचा आवाज नवख्या माणसाला काहीही वाटू शकतो. मग ती आत गेली. आई एकटीच होती, उजव्या कुशीवर, आणि कागदावर लिहिलं होतं: तीन. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती.

"आज तुझे हात ऊन आहेत," आई म्हणाली. "रोज कसे गारढोण असतात."

४

कपाटाच्या खालच्या कप्प्यात वडिलांनी काढलेल्या पत्रिका होत्या. ताईने आपली स्वतःची काढली. तिच्या पत्रिकेतही चौथ्या स्थानात चंद्र-शनी, हे तिला आठव्या वर्षापासून ठाऊक होतं. घरात त्यावर थट्टाही व्हायची. "ही कुठे जायची नाही," वडील म्हणायचे, "हिला आईच्या पदराला शनीने गाठ मारली आहे." ती गेलीही नव्हती. एकोणतिसाव्या वर्षी दुसऱ्या शहरात नकाशे काढणाऱ्या कचेरीत नोकरी लागली होती. त्याच महिन्यात वडील गेले. नोकरी सोड, असं कोणी म्हटलं नव्हतं. तिने सोडली.

पत्रिकेच्या चौथ्या घरात, दोन ग्रहांच्या खाली, वडिलांनी पेन्सिलने एक शब्द लिहिला होता: दोघी. तो शब्द तिने लहानपणापासून पाहिलेला होता. आई आणि मुलगी, असाच त्याचा अर्थ तिने लावला होता, आणि दुसरा अर्थ लावायचं कारणही नव्हतं. आज मात्र ती त्या शब्दाकडे बघत बसली.

मग, करायचं नव्हतं तरी, तिने पंचांग उघडलं. तीन, तीस आणि सत्तावीस तारीख. चंद्र फिरत फिरत सत्तावीस दिवसांनी शनीपाशी येतो, ते तेच दिवस. आणि शनी एकोणतीस-तीस वर्षांची फेरी दुसऱ्यांदा पुरी करून तिच्या जन्मवेळी होता तिथेच आला होता. ताई अठ्ठावन्न संपवून एकोणसाठाव्यात होती.

तिने पंचांग मिटलं. तीस वर्षं ती हेच लोकांना सांगत आली होती आणि त्यातल्या निम्म्यावर तिचा विश्वास नव्हता. उरलेल्या निम्म्यावर होता की नाही, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. कोणत्याही तीन तारखा घेतल्या तरी आकाशात काहीतरी सापडतंच, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? तरी पंचांग मिटण्यापूर्वी तिने पुढची तारीख पाहिली होती. चोवीस. चंद्र शनी असलेल्या राशीत येणार चोवीसच्या सकाळी, आणि बाहेर पडणार सव्वीसच्या दुपारी, चार वाजून दहा मिनिटांनी.

५

ताईचा धाकटा भाऊ लिफ्ट तपासायच्या खात्यात होता. रविवारी त्याचा फोन यायचा.

"ताई, ती जागा मी बघून आलो. स्वच्छ आहे. चोवीस तास नर्स, प्रत्येक खाटेला घंटी. एक खाट रिकामी होतेय."

"आईला नको आहे ते."

"आईला काय नको आहे ते मला नको सांगूस. तुला काय हवंय?"

तिला काय हवं होतं ते उच्चारण्यासारखं नव्हतं. तिला झोपायचं होतं. एक आठवडा, एक महिना, कोणाच्याही हाकेला ओ न देता.

"तुझे ग्रह काय म्हणतात?" त्याने हसायचा प्रयत्न केला. "माझे तर दोन मजल्यांच्या मधे अडकलेत. सव्वीसला सुट्टी घेतली आहे. साडेचारपर्यंत येतो, सगळं बोलून ठरवू. चालेल?"

"ये," ताई म्हणाली.

चोवीस तारखेला तिने कोणालाच वेळ दिली नव्हती. मावशी गेल्यावर ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि वाट बघू लागली. कसली, ते तिने मनात येऊ दिलं नाही. अकराचा ठोका पडला. खाट करकरली. उशी झटकल्याचा आवाज झाला, चादर ओढल्याचा झाला, आणि मग कागदावर पेन्सिल टेकल्याचा, अगदी बारीक. पॅसेज ओलांडून आठ पावलं टाकली असती तरी कळलं असतं. ताई उठली नाही.

आपण घाबरलो म्हणून उठलो नाही, असं तिला वाटलं. पण ती भीती नव्हती. नऊ वर्षांत पहिल्यांदा अकरा वाजता तिच्याऐवजी कोणीतरी उठलं होतं. ती बाहेरच्या खोलीत गेली, दोन खुर्च्या जोडल्या आणि आडवी झाली. जाग आली तेव्हा पावणेचार वाजले होते. अंगावर चादर होती. ती आपण घेतली होती का, हे तिला आठवेना, आणि आठवायचा तिने फार प्रयत्नही केला नाही. तोंड धुताना मात्र आरशात बघवलं नाही.

६

सव्वीसला दुपारी एक वाजता ताईने चपला घातल्या, बाहेरून कुलूप लावलं आणि जिना उतरली. असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं. कोपऱ्यापर्यंत ती सारखी मागे वळून बघत होती. नदीकाठच्या बागेत आल्यावर ते थांबलं. बाकावर बसून तिने एक पाव खाल्ला. पाण्यावर दोन बदकं होती, एका माणसाची टोपी उडाली आणि त्याने ती पळत जाऊन पकडली. तीन वाजले तेव्हा तिने घड्याळाकडे पाहिलं आणि पुन्हा बदकांकडे. आईला उघड्यावर टाकल्यासारखं वाटेल असं तिला वाटलं होतं. तसं काहीच वाटलं नाही. तेच तिला जास्त टोचलं.

पावणेचारला तिने कुलूप उघडलं. चपला हातात घेऊन ती पॅसेजमध्ये आली. आईच्या खोलीचं दार वीतभर उघडं होतं.

वाटीला चमचा लागल्याचा आवाज आला. मग थांबणं, मग पुन्हा आवाज. आई सूप पीत होती. फटीतून ताईला आईचा चेहरा दिसला. तो वर बघत होता, तृप्त, लहान मुलासारखा, आणि त्यावर असं काही होतं जे आईने ताईला कधी दाखवलं नव्हतं. कदाचित ताईनेच कधी तितका वेळ उभं राहून पाहिलं नव्हतं. खाटेच्या कडेला कोणीतरी बसलं होतं. पाठीचा अर्धा भाग, करड्या केसांचा अंबाडा आणि वर-खाली होणारं कोपर. कोपर घाई करत नव्हतं. आई गिळायची वाट बघत होतं.

ताईने दार ढकललं नाही. ढकललं असतं तर काय, हा विचार तिने पुढे कितीदा केला, पण त्या वेळी तिला एकच गोष्ट कळत होती: त्या कोपरासारखी शांतपणे वाट बघण्याइतकी ताकद आता तिच्या कोपरात उरली नव्हती.

चमचा मधेच थांबला. पाठ किंचित ताठ झाली, आपल्याला कोणी बघत असलं की होते तशी. मान वळू लागली.

ताई मागे सरली. पॅसेज, स्वयंपाकघर, बाहेरची खोली ओलांडून ती थेट गॅलरीत गेली आणि पडद्यामागे कठडा धरून उभी राहिली. मागे पावलं आली नाहीत. थोड्या वेळाने चमचा पुन्हा वाजू लागला.

७

चार वाजून दहा मिनिटांनी चंद्र पुढच्या राशीत जायचा होता. ताई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिली. चार आठ. चार नऊ. चार दहा. खाली छापखान्याचं यंत्र बंद झालं, बहुतेक चहाची सुट्टी झाली असावी, आणि त्या शांततेत आतलं सगळं स्पष्ट ऐकू येऊ लागलं. वाटी खाली ठेवली. आईचं तोंड पुसलं. मग ताईच्याच आवाजात, पण ताई बोलायची त्याहून सावकाश, कोणीतरी आईला तिच्या माहेरच्या विहिरीची गोष्ट विचारू लागलं. आई सांगू लागली.

चार पंधरा. चार वीस. पंचांगात चूक असू शकते. मिनिटांची असते, कधी तासाचीही. ताई हिशेब करत राहिली.

साडेचारला धाकट्याने आपल्या किल्लीने दार उघडलं. गॅलरीकडे न बघता, "ताई, आलो गं," असं म्हणत तो बूट न काढताच सरळ आत गेला. त्याला हाक मारावी म्हणून तिने तोंड उघडलं, पण तोवर तो पॅसेजमध्ये शिरला होता.

तो आत पंधरा मिनिटं होता. त्याचा आवाज आधी वाद घालणारा, मग समजुतीचा, मग खाली आलेला. एकदा तिघं हसली. मग त्याची पावलं पॅसेजमधून उलटी, पाठमोरी येऊ लागली. तो अजून आतल्या खोलीशीच बोलत होता.

"बरं बाई, नाही नेत. तूच म्हणतेस जमतंय, तर माझं काय जातंय? त्यांना कळवतो मी तसं. तू बस, उठू नकोस, दार मी ओढून घेतो."

तो बाहेरच्या खोलीत आला आणि वळला. ताई गॅलरीतून आत येऊन टेबलाशी उभी होती. हातात अजून चपला होत्या.

धाकट्याने एकदा पॅसेजकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. त्याच्या हातात चहाचा रिकामा कप होता. तो कुठे ठेवायचा हे त्याला समजेना.

"पोरी," आतून आईने हाक मारली.

नऊ वर्षांच्या सवयीने ताईचं अंग हललं. तिने ओ द्यायला श्वास घेतला.

"आले, आई," आतून उत्तर गेलं.

खाट करकरली. ताई हळूच खुर्चीत बसली आणि चपला मांडीवर ठेवल्या. तिला धाकट्याला खूप काही विचारता आलं असतं. तिने दाराच्या फटीतून फक्त पाठ पाहिली होती. तो समोर बसून बोलून आला होता, त्याने चेहरा पाहिला होता.

"ती दमलेली दिसते का रे?" तिने विचारलं.

त्याने कप टेबलावर ठेवला. तिच्याकडे न बघता तो खाली वाकला आणि बुटांच्या नाड्या बांधू लागला. त्या बांधलेल्याच होत्या.

"नाही," तो म्हणाला. "मुळीच नाही."